वाणसामानाच्या यादीत मुलांचा शब्द किती चालावा?

उंबरठा

माझं मत आधीच सांगून टाकते. घरात खायला काय आणायचं हे मोठ्यांनी ठरवावं, आणि लहान मुलाला दुकानातल्या फळीसमोर उभं करून "बोल, तुला काय हवं?" असं विचारूच नये. मुलांना आवडीनिवडी असतात, असाव्यातही. पण त्या रंगीबेरंगी पाकिटांसमोर मूल जे मागतं ती त्याची स्वतःची आवड आहे, हे मी मानायला तयार नाही.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग घ्या. ३ ते ५ वर्षांच्या ६३ मुलांपुढे तोच पदार्थ दोन वेष्टनांत ठेवला, एक कोरं आणि एक मॅकडोनाल्ड्सचं. पाचपैकी चार पदार्थांच्या बाबतीत मुलांनी नाववाल्या वेष्टनातला घास जास्त चविष्ट ठरवला. त्यात गाजरंसुद्धा होती! पदार्थ जिभेवर पडण्याआधीच चव ठरलेली होती. मग दुकानात आपण नक्की कुणाचं मत विचारतो?

आणि दोष येतो आईबापांच्याच माथी. मूल भोकाड पसरतं, आजूबाजूचे वळून बघतात, पाकीट ट्रॉलीत पडतं, आणि वर ऐकायचं की तुम्हीच लाडावून ठेवलंय. म्हणून म्हणते, यादी घरी करा आणि दुकानात त्यावर चर्चा नको. तुम्हाला काय वाटतं?

रानवारा

पूर्ण असहमत. जे अन्न मुलाच्या पोटात जाणार त्याबद्दल त्यालाच बोलू द्यायचं नाही? संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं बारावं कलम सांगतं की मुलाशी संबंधित बाबींत त्याचं म्हणणं ऐकलं जावं आणि वयाप्रमाणे त्याला महत्त्व मिळावं. रोजचं जेवण त्यात येत नाही असं कोण म्हणेल?

दुसरं म्हणजे बंदी उलटते. जेनिफर फिशर आणि लिअन बर्च यांनी १९९९ मध्ये लहान मुलांवर केलेल्या प्रयोगात, ज्या खाऊवर बंधन घातलं त्याच्याकडेच मुलांचं लक्ष जास्त गेलं, तोच त्यांनी जास्त मागितला. तुम्ही दुकानात तोंड बंद करायला लावाल, मूल मित्राच्या घरी जाऊन डबा रिकामा करेल.

मी मुलीला सोबत नेतो. पाकिटाची मागची बाजू वाचायला लावतो. दोन पाकिटं शेजारी धरून कशात साखर जास्त ते तिने सांगायचं. दुकानात न नेता हे ती कुठे शिकणार?

आजोळ

आजीआजोबांना या चर्चेतून वगळू नका. आईबापांनी कितीही काटेकोर यादी केली तरी आमच्या घरी नातवंडांसाठी वेगळा डबा भरलेला असतो, आणि आम्ही तो भरणारच.

उंबरठा

@रानवारा, तुम्ही सांगता त्या प्रयोगात बंधन घातलेला खाऊ पारदर्शक बरणीत मुलांच्या समोरच ठेवलेला होता. दिसतो, पण मिळत नाही. त्याने हाव वाढणारच. मी म्हणते ते वेगळं आहे. ती वस्तू घरात आलीच नाही तर रोज नाही म्हणण्याची वेळही येत नाही. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञांनी केलेली वाटणी मला पटते. काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती खायचं हे मुलाने. ताटावर त्याचा पूर्ण हक्क आहे. खरेदी हे आपलं काम.

दोन घास

तुम्ही दोघं ज्या घरांबद्दल बोलताय तिथे पाकिटात पैसे आहेत असं गृहीत धरलंय. नसले की हा प्रश्न पार बदलतो.

अनोळखी भाजी मूल पहिल्या फटक्यात खात नाही. साधारण २ ते ६ या वयात नव्या अन्नाला नकार देणं अगदी नेहमीचं आहे. ती चव अंगवळणी पडायला ८ ते १५ वेळा पुढे ठेवावी लागते, असं पोषणाचे अभ्यासक सांगतात. म्हणजे तितक्या वेळा ती विकत घ्यायची, शिजवायची आणि बहुतेक वेळा टाकून द्यायची. हा खर्च कोण करणार? केटलिन डॅनियल या समाजशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये नेमकं हेच मांडलं. कमी उत्पन्नाच्या घरांतले पालक मूल नक्की खाईल तेच विकत घेतात, कारण वाया गेलेल्या अन्नाच्या जागी दुसरं आणायला पैसे नसतात. तिथे मुलाचा शब्द चालतो तो लाडापायी नव्हे. पोट भरलं पाहिजे म्हणून चालतो.

अजून एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त लागते. तंगीच्या घरात मुलाला दिवसभर नाहीच ऐकावं लागतं. नवे बूट नाहीत, सहल नाही, सायकल नाही. त्यात एक गोड पाकीट एवढीच काय ती परवडणारी गोष्ट, जिला आई हो म्हणू शकते. प्रिया फील्डिंग-सिंग यांनी अमेरिकेतल्या कुटुंबांच्या अभ्यासात हेच टिपलंय. सुखवस्तू घरातली आई खाऊला नाही म्हणून चांगली आई ठरते, कारण बाकी सगळ्याला हो म्हणून झालेलं असतं. तेव्हा "घरी यादी करा" हा सल्ला सगळ्यांना सरसकट देऊ नका. तो ऐकताना या बायांना आपण नालायक आहोत असं वाटतं, आणि त्या तशा नाहीत.

रानवारा

@दोन घास, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. धन्यवाद.

काउंटरपलीकडे

दुकानात काम केलंय म्हणून लिहितो. मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर काय दिसतं हे योगायोगाने ठरत नाही. मोठ्या साखळी दुकानांत मोक्याच्या जागेसाठी कंपन्या पैसे मोजतात. बिलाच्या रांगेजवळ चॉकलेटं असतात कारण तिथे मूल थांबलेलं असतं, कंटाळलेलं असतं आणि आईचा एक हात पर्समध्ये असतो. तुम्ही घरून यादी करून आलात तरी त्या रांगेतून जावंच लागतं. मुलाला शहाणं करा नाहीतर आईला, रांग तिथेच राहते.

ती हलवता येते. इंग्लंडने ऑक्टोबर २०२२ पासून मोठ्या दुकानांत जास्त साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ बिलाच्या जागी आणि प्रवेशद्वारापाशी मांडायला बंदी केली. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात १९८० पासून १३ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून व्यापारी जाहिराती करता येत नाहीत. आणि चिलीने २०१६ मध्ये साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले, त्यांच्यावरची कार्टून काढायला लावली.

चिलीचं पुढचं ऐका. तिथल्या लहान मुलांच्या आयांशी संशोधक बोलले तेव्हा समजलं की कित्येक घरांत मुलंच सांगायला लागली होती, याच्यावर शिक्के आहेत, हे घेऊ नको. हट्ट करणारी मुलं तीच होती. पाकीट बदललं तसा हट्ट बदलला.

रानवारा

हेच तर मी म्हणतोय! मुलांचा शब्द चालायलाच हवा, आणि तो चालला की असाही चालतो.

उंबरठा

आणि मला त्यात उलटं दिसतं. आधी कायद्याने पाकिटावरचं कार्टून काढलं, शाळेत शिक्क्यांचा अर्थ सांगितला, मग मुलं बरोबर बोलायला लागली. जिथे असा कायदा नाही तिथे ते काम आईबापांनाच करावं लागणार. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या कार्यगटाने २००४ मध्ये म्हटलं होतं की साधारण ७-८ वर्षांपर्यंत मुलांना जाहिरातीमागचा विकण्याचा हेतूच कळत नाही. त्या वयापर्यंत तरी मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. नऊ-दहाव्या वर्षी खुशाल सोबत न्या आणि पाकिटं वाचायला लावा.

@दोन घास, तुमच्या म्हणण्यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे. नवी भाजी पहिल्यांदा चाखायला मिळायची जागा शाळेचं जेवण असावी. तिथे टाकलेल्या घासाचा भुर्दंड आईला पडत नाही.

दोन घास

शाळेच्या जेवणाचं पटलं. पण आठ वर्षांची रेघ नाही पटली. हेतू कळला म्हणून मोह सुटतो असं थोडंच आहे? तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना आपल्याला काय विकलं जातंय ते पक्कं ठाऊक असतं, तरी घेतात, कारण सगळा वर्ग तेच पीत असतो. शिवाय त्यांच्या हातात फोन आहे. काउंटरपलीकडे यांनी सांगितलेली रांग त्यांच्या खिशात आहे, आणि ती हलवायला दुकानाच्या मांडणीचा कायदा पुरणार नाही. या वयाच्या मुलांचे पालक इथे कोणी असतील तर त्यांनी लिहावं.