पीटर फक्त चर्चपुरता नव्हता
कुणीतरी म्हटलंय की अठराव्या शतकातला संगीतकार योहान फ्रीडरिख पीटर म्हणजे मोरेव्हियन चर्चची (हा एक प्रोटेस्टंट पंथ) भक्तिगीतं, बस्स. चूक नाही, पण अर्धंच. १७८९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या सेलममध्ये त्याने सहा स्ट्रिंग क्विंटेट, म्हणजे पाच तंतुवाद्यांसाठीच्या रचना, लिहिले: दोन व्हायोलिन, दोन व्हायोला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठं, खालच्या सुराचं वाद्य), एक चेलो. शब्द नाहीत, प्रार्थना नाही. अमेरिकेत लिहिलेल्या सर्वांत जुन्या चेंबर म्युझिकमध्ये (मोजक्या वादकांसाठीच्या संगीतात) ते धरतात.

आणि हा पोटापाण्यासाठी संगीत करणारा नव्हे. शाळेत शिकवायचा, चर्चच्या मंडळीची रोजनिशी लिहायचा, शिवाय दुसऱ्यांच्या रचना हाताने उतरवून घ्यायचा. त्यात त्या काळचा मोठा ऑस्ट्रियन संगीतकार हायडनही होता. क्विंटेट ऐकताना हायडनची ही छाप लगेच कळते, निदान मला तरी. व्हायोला नुसता ठेका धरून बसत नाही, मधेच स्वतःचं बोलतो.