कोर्सायराच्या पेट्यांत ब्रेकॉन शिरलाय. वास कसा दडपू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
माझं ट्रायकोकार्डचं छोटं युनिट आहे, म्हणजे किडींच्या अंड्यांत वाढणारी ट्रायकोग्रामा ही इवलीशी मित्रमाशी कार्डावर तयार करतो. आसपासच्या ऊस-मकावाल्यांना कार्डं देतो. कार्डावर ज्याची अंडी लागतात तो धान्यातला पतंग, कोर्सायरा, भरडलेल्या ज्वारीवर वाढवतो. पेटीला अडीच किलो ज्वारी, शेंगदाण्याचा कूट, यीस्ट, गंधक, स्ट्रेप्टोमायसिन, म्हणजे नेहमीचंच.

हल्ली मोठ्या अळ्या मलूल पडतायत. मेलेल्या नसतात, पण हलतही नाहीत. भिंगाखाली अंगावर बाहेरून चिकटलेली अंडी दिसतात आणि खिडकीच्या काचेवर दोन-तीन मिमीच्या माश्या. ब्रेकॉन, म्हणजे अळीला डंख मारून तिच्यावर अंडी घालणारी परजीवी माशी, आहे हे नक्की, ओळख विचारत नाहीये.

कोडं वेगळंच आहे. पेट्यांना मलमल घट्ट बांधलेली आहे, कुठे फट नाही. त्याच खोलीतल्या नव्या पेट्यांकडे ही माशी ढुंकूनही बघत नाही, महिनाभर जुन्या पेट्या मात्र बरोबर हेरते. वासावरच येत असणार. पण वास कशाचा? ज्वारीचा की अळीचा? कापूर किंवा निरगुडी ठेवून तो दडपता येईल का? फवारणी कृपया सुचवू नका, शेजारच्याच खोलीत ट्रायकोग्रामा आहे.

बांधावरचा: भाऊ, सल्फासची एक गोळी ठेवा, विषय संपला.

धागाकर्ता: दादा, ब्रेकॉनबरोबर कोर्सायराही संपेल आणि बहुतेक मीही. गोळी नको.

मुंगळा: नुसत्या ज्वारीसाठी ती येत नाही. अळी चालताना तोंडातून रेशीम सोडते, त्याला तिच्या जबड्याजवळच्या ग्रंथींचा स्राव लागतो. तो स्राव, विष्ठा आणि कुरतडलेलं धान्य मिळून जो वास होतो, तो ब्रेकॉनच्या मादीला ओढतो. जाळीला मिशा लागल्या की ती तिथेच घुटमळते. नव्या पेटीत अळ्या बारीक, जाळी नाही, विष्ठा नगण्य. शिवाय तिला हव्या असतात त्या शेवटच्या टप्प्यातल्या, भटकणाऱ्या अळ्या. तुमची महिनाभराची पेटी म्हणजे तिच्यासाठी वास सुटलेली खाणावळ.

कापराचा उपयोग होईल असं मला वाटत नाही. या जमातीचं नाक फार नेमकं असतं. गव्हातल्या सोंड्याची अळी दाण्याच्या आत बंद असते, तरी लॅरिओफॅगस ही माशी विष्ठेच्या वासावरून किडका दाणा शोधते, मिशांनी तो ठोकून बघते आणि मग भोक पाडते. एकदा अंडी घातली की त्या वेळचा वास लक्षातही ठेवते. तुमची ट्रायकोग्रामा तरी काय करते? पतंगाच्या पंखांवरून गळलेल्या खवल्यांचा माग काढत अंड्यांपर्यंत पोचते. चोर आणि शिपाई दोघेही वासावरच!

मलमलीचं म्हणाल, तर ब्रेकॉन मुद्दाम वाढवणारे लोक दोन मलमलींच्या मध्येच अळ्या ठेवतात आणि मादी कापडातून डंख मारते. तुमच्या अळ्या वर चढून कापडाला पाठ लावतात, तिथेच काम होतं.

धागाकर्ता: अरे देवा. म्हणजे घट्ट बांधूनही काही उपयोग नाही?

मुंगळा: कापडाच्या वर चार बोटं अंतर सोडून दुसरं कापड ताणून बांधा. डंख तेवढा लांब पोचत नाही.

कोठीवाली: ताईच्या नात्याने सांगते, आधी खोली बघा. कोपऱ्यातली जुनी जाळी, सांडलेली भरड, पतंग काढून झालेल्या पेट्या, सगळं बाहेर. लागण झालेली पेटी खोलीत उघडू नका. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कडक उन्हात तापवा. नव्या आणि जुन्या पेट्यांची खोली वेगळी ठेवा, सकाळी आधी नव्यांना हात लावा, मग जुन्यांना. खिडकीवरच्या माश्या रोज टिपा, कारण एकेक मादी जितक्या अळ्यांवर अंडी घालते त्याच्या कितीतरी पट अळ्या नुसत्या डंख मारून लुळ्या करून ठेवते.

धागाकर्ता: आभार. दुसरी खोली नाही, पण पत्र्याची शेड रिकामी आहे. उन्हाळ्यात तिथे कोर्सायरा टिकेल का, कुणाचा अनुभव?