फोंड्यातील वडिलांचे ध्वनियंत्रांचे दुकान : पुढे चालवावे की बंद करावे?

अंत्रुजकर

सर्व सभासदांना नमस्कार. माझ्या वडिलांचे फोंडा शहरात ध्वनियंत्रांच्या विक्रीचे आणि दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. ते त्यांनी १९८१ साली सुरू केले आणि आज वयाच्या ७२ व्या वर्षीही ते सकाळी साडेनऊला स्वतः शटर वर करतात. मात्र गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून सोल्डरिंगचे बारीक काम त्यांना जमेनासे झाले आहे. मी वेर्णा औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. दुकान मी हाती घ्यावे की सन्मानाने बंद करावे, हा निर्णय दिवाळीपूर्वी घ्यायचा आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. वडील हे काम पणजीतील एका जुन्या रेडिओ कारागिराकडे शिकले. १९५५ मध्ये भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केल्यानंतर इथे माल समुद्रमार्गे परदेशातून येत असे, त्यामुळे त्या कारागिराकडे दुरुस्तीला येणारे बहुतेक रेडिओ युरोपीय बनावटीचे आणि व्हॉल्व्हवर (काचेच्या निर्वात नळ्यांवर) चालणारे असत. पुढे आखातात नोकरीला गेलेले लोक सुटीवर येताना टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेले यंत्र) आणू लागले, घरोघरी कॅसेटी आल्या आणि ऐंशीच्या दशकात वडिलांचे दुकान प्रामुख्याने त्यावरच उभे राहिले.

या दुकानाचे वर्ष पंचांगावर चालते. श्रावणात भजनी सप्ताह, भाद्रपदात चवथ, नंतर नवरात्रातील मखरोत्सव, कार्तिकापासून जत्रा आणि जत्रेतली नाटके. मध्येच नाताळ, चर्चची फेस्ते (वार्षिक उत्सव) आणि कपेलांतील (छोट्या प्रार्थनागृहांतील) लदाईन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, असते, त्यामुळे शिगमा संपेपर्यंत घरात कोणालाच उसंत नसे. पाऊस सुरू झाला की विक्री थांबते आणि दुरुस्ती वाढते, कारण आमच्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्या चार महिन्यांत स्पीकरच्या कागदी कोनावर बुरशी चढते, जॅकच्या पिना हिरव्या पडतात आणि आवाजाचे बटन फिरवले की खरखर ऐकू येते. वडील बंद कपाटात ४० वॅटचा बल्ब पेटता ठेवून त्यात यंत्रे ठेवीत. आता एलईडी दिव्यांना तेवढी ऊब नसते, म्हणून जुने बल्ब त्यांनी जपून ठेवले आहेत.

आज विक्री फार घटली आहे. गिऱ्हाईक दुकानात येऊन अर्धा तास स्पीकर ऐकतो, मॉडेलचा क्रमांक टिपून घेतो आणि घरी जाऊन मोबाइलवरून मागवतो.

यापेक्षाही मोठी अडचण वेगळीच आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत दुरुस्तीसाठी दिलेली आणि कोणी परत न नेलेली ६३ यंत्रे आहेत. प्रत्येकाला दोऱ्याने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली आहे आणि तिच्यावर गाव, तारीख आणि तक्रार लिहिली आहे : ‘आवाज फाटतो’, ‘उजवी बाजू बंद’, ‘कॅसेट गिळतो’. वडिलांचे म्हणणे एकच आहे. ते म्हणतात, “तुला हवे तर दुकान बंद कर, पण लोकांच्या वस्तू आत ठेवून कुलूप लावायचे नाही.” त्यांना काय उत्तर द्यावे हे मला सुचत नाही. या व्यवसायात असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मडगावचा दुकानदार

अंत्रुजकर, मी याच धंद्यात २६ वर्षे आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. खोके विकण्याच्या धंद्यात आपल्यासारख्या लहान दुकानदाराला आता जागा उरलेली नाही आणि त्याबद्दल हळहळण्यात वेळ घालवू नका. ज्या कामासाठी माणसाला जागेवर यावे लागते, ते काम मात्र वाढले आहे. माझ्या उत्पन्नाचा मोठा वाटा आज देवळे, चर्च, शाळा आणि समाजगृहे यांच्या ध्वनियंत्रणेची जोडणी आणि देखभाल यांतून येतो.

आपल्या देवळांचा सभामंडप डोळ्यांसमोर आणा. भिंती चिऱ्यांच्या, गिलावा गुळगुळीत, जमीन फरशीची आणि छत उंच. तिथे दोन मोठे स्पीकर लावून आवाज वाढवला की पुराणिकबुवांचे एक वाक्य संपायच्या आत दुसरे त्यावर आदळते आणि मागे बसलेल्यांना नुसता गोंगाट ऐकू येतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटरवरच्या भिंतीपर्यंत जाऊन परत यायला त्याला ०.२ सेकंद लागतो, आणि तेवढ्या वेळात माणूस एखादे अक्षर उच्चारून मोकळा होतो. अशा जागी खांबाखांबावर लहान कॉलम स्पीकर माणसाच्या कानाच्या जरा वर, किंचित खाली झुकवून लावायचे आणि प्रत्येकाचा आवाज बेताचा ठेवायचा. लांब वायरींसाठी १०० व्होल्टची लाइन (जास्त व्होल्टवर स्पीकरपर्यंत आवाज नेणारी जोडणी) वापरायची आणि सगळ्या कॉलमांच्या वॅटची बेरीज ॲम्प्लिफायरच्या क्षमतेपेक्षा कमी राहील एवढेच पाहायचे. हे सगळे पुस्तकात सापडते, पण कुठल्या देवळात कोणत्या खांबावर खिळा मारू देत नाहीत आणि आरतीच्या वेळी घुमटे आणि शामेळ वाजवणारी मंडळी कुठे उभी राहतात, हे आपल्या वडिलांनाच माहीत असेल. ते ज्ञान आधी वहीत उतरवून घ्या.

उधारीबद्दलही सांगतो, कारण आपण त्याविषयी काहीच लिहिलेले नाही आणि वडिलांच्या वहीत ती नक्की असणार. देवस्थाने आणि नाटक मंडळे उशिरा देतात, पण देतात. माझे पैसे बुडाले ते किनारपट्टीवरच्या एका मोठ्या हॉटेलात. तीन लाखांच्या आसपास रक्कम होती, व्यवस्थापन बदलले आणि नव्या लोकांनी जुन्या बिलाची ओळखच दाखवली नाही. तेव्हापासून साहित्याचे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय मी एक वायरही ओढत नाही.

सत्तरी तालुक्यातील वाचक

मी व्यावसायिक नाही. आमच्या गावातील जत्रेच्या नाटकाची जबाबदारी गेली काही वर्षे माझ्याकडे आहे, म्हणून गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहिते.

तीन वर्षांपूर्वी आम्ही वर्गणी काढून ऑनलाइन मिक्सर आणि चार माइक मागवले. जत्रेच्या संध्याकाळी सगळे जोडले तर एक जाड, सलग गुणगुण सुरू झाली आणि माइक बंद केले तरी ती जाईना. नांदी साडेनऊला होती. आम्ही वाळपईच्या एका वयस्कर दुकानदारांना फोन केला, आणि ज्यांच्याकडून आम्ही एक पिनसुद्धा विकत घेतली नव्हती ते काका मुलाच्या स्कूटरवर मागे बसून आले. त्यांनी मिक्सर कुठल्या बोर्डावर जोडला आहे आणि ॲम्प्लिफायर कुठल्या, एवढेच विचारले. मिक्सर प्रेक्षकांच्या मागे शाळेच्या विजेवर होता आणि ॲम्प्लिफायर रंगमंचाजवळ देवळाच्या विजेवर. दोन जागांचे अर्थिंग वेगळे असल्यामुळे ५० हर्ट्झची गुणगुण येत होती. त्यांनी एक लांब वायर ओढून दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर घेतली आणि आवाज थांबला. एका मुलाने आधी सुचवले होते की प्लगची अर्थची पिन काढून टाकावी. काका त्याला जवळ बसवून म्हणाले, “गुणगुण जाईल बाळा, पण माइक हातात धरणाऱ्याचा जीवही जाईल.” पहिला अंक संपेपर्यंत ते तिथेच उभे होते. त्यांनी दोनशे रुपये मागितले.

दादा, तुम्ही दुकान चालवावे की नाही हे मी सांगू शकत नाही. मात्र चालवणार असाल तर अशा कामाची योग्य रक्कम मागा आणि ती आधी सांगा. आमच्यासारखी मंडळे ती देतील. त्या काकांना आम्ही किती कमी दिले याची मला आजही रुखरुख आहे.

पर्वरीचा अभियंता

वरच्या दोन्ही प्रतिसादांबद्दल आदर आहे, तरीही मी सावधपणाचा सल्ला देईन. नोकरी लगेच सोडू नये. ध्वनियंत्रणेच्या भाड्याचा आणि जोडणीचा हंगाम मोठा दिसला तरी रात्रीची वेळ आता आपल्या हातात नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक वापरण्यास बंदी आहे. अपवाद आहे तो सभागृहासारख्या बंदिस्त जागांना, आणि सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी वर्षातील १५ पर्यंत दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. जत्रेचे नाटक उघड्यावर पहाटेपर्यंत चालण्याचा काळ धरून हिशेब मांडू नका. उलट आवाज मोजण्याचे चांगले यंत्र विकत घ्या आणि मंडळांना मर्यादेत राहूनही शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवून दाखवा. मडगावच्या मित्रांनी सांगितलेली लहान स्पीकरांची पद्धत इथेही तितकीच उपयोगी आहे.

त्या ६३ यंत्रांविषयी. सर्वांची छायाचित्रे काढा, चिठ्ठीवरील मजकूर वहीत उतरवा, ज्यांचा पत्ता लागतो त्यांना लेखी कळवा आणि वाजवी मुदत द्या. हे झाल्याशिवाय एकही यंत्र भंगारात किंवा सुट्या भागांसाठी देऊ नये. जुन्या ॲम्प्लिफायरमधील टूएन-३०५५ ट्रान्झिस्टर पाहून मोह होईल, कारण आज बाजारात त्याच्या नकला फार आहेत आणि जुना अस्सल माल सहसा मिळत नाही. तरी ते यंत्र दुसऱ्याचे आहे. आणखी एक तांत्रिक सूचना : वर्षानुवर्षे बंद असलेले यंत्र थेट विजेवर लावू नका. त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर निकामी झालेले असतात. आधी साधा १०० वॅटचा बल्ब मालिकेत जोडून त्यातून वीज द्या. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे असे समजा.

अंत्रुजकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण या काळात प्रत्येक शनिवार-रविवार मी दुकानात होतो.

चिठ्ठ्यांवरील निम्म्याहून अधिक फोन क्रमांक जुने, कमी आकड्यांचे निघाले, त्यामुळे फोनचा उपयोग झाला नाही. मग गावांनुसार चिठ्ठ्या वेगळ्या केल्या आणि वडिलांना गाडीत बसवून बोरी, शिरोडा, बांदोडा, केरी अशा गावांत गेलो. वडिलांना घर आठवत नसे, पण यंत्र आठवत असे, आणि यंत्राचे वर्णन सांगितले की गावातले कोणीतरी घर दाखवीत असे. आतापर्यंत २२ यंत्रे परत गेली. सात जणांनी ती आता नको असल्याचे सांगितले आणि तसे लिहून दिले.

शिरोड्याच्या एका कपेलाचा ॲम्प्लिफायर १९९६ पासून आमच्याकडे होता. चिठ्ठीवर ‘आवाजाखाली घरघर’ असे लिहिले होते. अभियंता साहेबांनी सांगितल्याप्रमाणे मी मालिकेत बल्ब जोडून तो सुरू केला आणि घरघर ऐकल्यावर आपल्या ताईंचा अनुभव आठवून अर्थिंग तपासू लागलो. वडील पाठीमागे खुर्चीत बसले होते. ते म्हणाले, “ही पन्नास हर्ट्झची नाही, शंभरची आहे. अर्थिंग सोड, फिल्टर बघ.” रेक्टिफायरनंतरचे (वीज एकाच दिशेने वाहती करणाऱ्या भागानंतरचे) दोन्ही फिल्टर कपॅसिटर वरून फुगलेले होते. मी ते बदलले. सोल्डरिंग मी केले आणि प्रत्येक जोड झाला की वडील बोट फिरवून तो गुळगुळीत झाला आहे का ते पाहत होते. तीन जोड त्यांनी मला पुन्हा करायला लावले.

नोकरी मी सोडलेली नाही. दुकान सध्या शनिवारी, रविवारी आणि आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी उघडे राहील आणि नवीन माल भरणार नाही, फक्त दुरुस्ती आणि जोडणीचे काम घेईन. वडिलांना माहीत असलेल्या देवळांची आणि चर्चची वही सुरू केली आहे. काल रात्री रामनाथीच्या देवळाविषयी ते सांगत होते आणि चार पाने भरली, तरी सभामंडपाच्या उत्तरेकडच्या खांबापर्यंतच आम्ही पोहोचलो. मागच्या खोलीत अजून ३४ चिठ्ठ्या आहेत, त्यांपैकी नऊ सांग्याकडच्या आहेत. त्या भागातील कोणी सभासद असतील तर कृपया मला व्यक्तिगत निरोप पाठवावा.