'कृतज्ञता'ला आपल्याकडे काय म्हणतात?

(दारव्हा) आमच्या गटाच्या बैठकीत बाहेरून आलेल्या ताईंनी सांगितलं, अडचणीच्या दिवसांत 'कृतज्ञतेची वही' ठेवा, रोज तीन गोष्टी लिहा. शेजारची आजी म्हणाली, "कृतज्ञता म्हंजे काय व माय? उपकार लिवाचे का? अन् ज्याईनं काईच नाई केलं, त्याईचं?" सगळ्या हसल्या, पण नेमका शब्द कोणालाच सांगता आला नाही. वऱ्हाडीत काय म्हणावं?

(नागपूर) कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. केलेलं जो जाणतो तो कृतज्ञ, केलेल्याचा नाश करतो तो कृतघ्न. एका अक्षरानं अर्थ उलटतो, म्हणून पत्रिका छापताना जपा! 'आभार'मध्ये भार आहेच, तो 'मानायचा' असतो आणि मानला की उतरतो. म्हणूनच तो व्यासपीठावर शोभतो, घरात नाही. आईला आभार मानून पाहा, ती काळजीत पडेल. 'उपकार' तर आपल्याकडे टोमण्यातच जास्त: "उपकार करून राह्यला का?"

(पुणे) वहीची कल्पना पोकळ नाही. अमेरिकेत रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांनी 2003 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटानं दर आठवड्याला कृतज्ञ वाटण्याजोग्या गोष्टी लिहिल्या, दुसऱ्यानं कटकटी. पहिल्या गटाला आपलं आयुष्य अधिक बरं वाटलं. आणि आपल्याकडे तर तुकोबा आहेतच: बरें जालें देवा निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें पीडा केली.

(दारव्हा) तुकोबांनी ते स्वतःबद्दल म्हटलंय, 1630 चा दुष्काळ स्वतः भोगून. दुसऱ्याचं दिवाळं निघालं असताना आपण त्याला "बरं झालं" म्हटलं तर तो काठी घेईल. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी (कपाशी) खाल्ली, त्या वर्षी आम्हाला कोणी वही लिहायला सांगितली असती तर मीच उठून गेले असते.

(अचलपूर) शब्द तुमच्या आजीच्या तोंडात असेलच: जाण. 'ज्ञ'चं काम 'जाण' करते, धातूही तोच. "त्यानं केलं, त्याची जान ठेवजो" असं माझी आजी म्हणायची. 'आभार' एका दमात संपतात, 'जाण' मात्र ठेवायची असते, ठेव ठेवावी तशी. 'पांग फेडणं' वेगळं, ते आईबापाचं, आणि त्यात परतफेड आहे. जाणेत परतफेडीची अट नाही, विसरायचं नाही एवढंच.

आता पोळ्याचं बघा. आदल्या दिवशी खांदशेकणी. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद-तूप लावून शेकतात आणि बैलाच्या कानात सांगतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." धन्यवाद कुठंच नाही, जेवणाचं आवतण आहे. कापूस वेचणीच्या सुरुवातीला शेतात सीतादहीची पूजा होते, तिथंही दहीभात ठेवतात, भाषण करत नाहीत. आणि पीक बुडालेल्या वर्षीही हे चुकत नाही. माझ्या मते आमच्याकडची वही तीच. (ट्रॅक्टर आल्यावर कोणाला शेकायचं, हा वेगळा धागा काढा.)

(नागपूर) मान्य. फक्त 'जाण'ला 'खाल्ल्या मिठाला जागणं' समजू नका. त्यात मालक-नोकर आहे. जाण शेजाऱ्याचीही असते, बैलाचीही.

(दारव्हा) बैठकीत सांगितलं. आजीनं लगेच वहीतलं पहिलं वाक्य सांगितलं, मी लिहिलं: "अळीच्या वर्षी तिच्या घरून दोन पायल्या ज्वारी आली, कोणी मागली नव्हती." 'तिच्या' म्हणजे कोणाच्या, हे विचारल्यावर सांगेना. म्हणे, तिला मालूम आहे.

आता वहीवर 'जाण' लिहू की 'जान'?

(अचलपूर) 'जाण' लिहा. वाचतील 'जान'च.