देव मानत नाही पण डावाही नाही, मग आमची पंगत कुठली?

घोडबंदरचा_रहिवासी

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणतोय, आज लिहूनच टाकतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ४१. नौपाड्यात वाढलो, आता घोडबंदर रोडला. देव मानत नाही, कॉलेजपासूनच. काही मोठं दुःख झालं म्हणून वगैरे नाही, मुळात पटलंच नाही कधी. बाबांच्या आजारपणात आई रोज कोपिनेश्वराला जायची, प्रदक्षिणा घालायची, तेव्हा मला फक्त तिच्या गुडघ्यांचं टेन्शन यायचं.

राजकारणात मात्र मी पक्का उजवा. समान नागरी कायदा हवा, सरकारने धंद्यात लुडबुड करू नये, फुकट वाटप बंद करावं, कुटुंब नावाची गोष्ट टिकावी आणि शेदोनशे वर्षं चालत आलेलं काही मोडायच्या आधी दहादा विचार करावा. आता यात देव कुठे येतो तुम्हीच सांगा.

झालं काय, सोसायटीच्या वर्धापनदिनाला सत्यनारायण असतो, सेक्रेटरी सपत्नीक पूजेला बसतो अशी प्रथा, आणि यंदा सेक्रेटरी मी. म्हटलं मांडव, वर्गणी, जेवणाचं सगळं बघतो, फक्त बसणार नाही. ग्रुपवर अडीच तास सन्नाटा. एरवी पाण्याचा टँकर दहा मिनिटं उशिरा आला तर चाळीस मेसेज पडतात. मग बी विंगमधल्या काकांचा मेसेज: 'पाडव्याच्या शोभायात्रेत फेटा बांधून सगळ्यात पुढे असता की हो!' खाली सात अंगठे.

दुसरीकडे आमचा जुना कट्टा, महिन्यातून एका रविवारी तलावपाळीला जमतो, सगळे नास्तिक, सगळे डावीकडचे. तिथे समान नागरी कायदा म्हटलं की एकजण हमखास म्हणतो, 'तू मनातून भक्तच आहेस रे.' भक्त! मी! दुसऱ्या कडव्यानंतर आरतीला नुसते ओठ हलवणारा माणूस मी.

तर असे अजून कोणी आहेत का इथे? कसं निभावता? की माझ्याच डोक्यात झोल आहे?

ऐरोलीकर७७

+१. ऐरोलीत आम्ही दोघं आहोत, मी आणि माझं मांजर. मांजर जरा जास्त सनातनी आहे, जेवणाची वेळ बदललेली चालत नाही.

निवृत्त_मास्तर

आधी शब्द नीट करू, मग भांडू. 'नास्तिको वेदनिन्दकः' असं मनुस्मृतीत आहे, म्हणजे परंपरेत नास्तिक कोण तर वेद न मानणारा, देव न मानणारा नव्हे. त्यामुळे सांख्य निरीश्वर असूनही आस्तिक दर्शनात बसतं. पण तुमच्या कामाचे आहेत ते पूर्वमीमांसक, म्हणजे वेदातल्या यज्ञविधींचा अर्थ लावणारे. जग निर्माण करणारा कोणी ईश्वर आहे हे त्यांच्यातल्याच कुमारिल भट्टांनी चक्क खोडून काढलंय. यज्ञाचं फळ द्यायला त्यांना देव लागत नाही, कर्मातून 'अपूर्व' नावाची एक अदृश्य शक्ती तयार होते आणि तीच पुढे फळ देते, असा हिशोब. म्हणजे देव गाळला आणि विधी मात्र एकूणएक ठेवला, तोही काना-मात्रा न चुकवता. यांच्याइतका कर्मठ माणूस शोधून सापडणार नाही. तेव्हा 'देव नाही म्हणून पूजेला बसत नाही' ही तुमची अडचण त्यांना कळलीच नसती. (सत्यनारायण वेदात कुठे आहे म्हणून ते बसले नसते, ती गोष्ट वेगळी.)

शिवभक्त_ठाणे

एकदा आयसीयूच्या बाहेर बसा, मग कळेल देव आहे की नाही.

घोडबंदरचा_रहिवासी

बसलोय दादा. अठरा दिवस.

खारघरची_सुमा

आता सगळे सावरकर काढणार म्हणून मीच काढून टाकते. हो, गाय उपयुक्त पशू आहे, देव नाही, असं त्यांनी लिहिलं. १९६६ मध्ये गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे विद्युतदाहिनीत दहन झालं. ते निरीश्वरवादी होते की अज्ञेयवादी यावर लोक अजून भांडतात, भांडू देत. पण त्यांच्या हिंदूच्या व्याख्येत पितृभूबरोबर (पूर्वजांची भूमी) पुण्यभू (धर्माची पवित्र भूमी) पण आहे. आता ज्याला पुण्यच मान्य नाही त्याने पुण्यभू कुठून आणायची? उजव्या नास्तिकाने याचं उत्तर दिलेलं मी अजून ऐकलं नाही. आणि ओळखीचं म्हणाल तर काळजी नको, तुम्ही मानलं नाही तरी कायदा तुम्हाला हिंदूच मानतो, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मुस्लिम ख्रिश्चन पारशी ज्यू सोडून बाकी सगळ्यांना तो लागू, कोणी उलट सिद्ध करेपर्यंत. मी स्वतः देव मानत नाही आणि मत कोणाला देते ते सांगणार नाही.

पण माझा खरा प्रश्न वेगळाय. १८९१ चा संमतीवयाचा कायदा. कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची पोर नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली, त्यानंतर वय १० वरून १२ करायचा कायदा आला. बारा! टिळक विरोधात, का तर परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, सुधारणा आतून आणि सावकाश व्हावी. आगरकर कायद्याच्या बाजूने. तुमचं 'दहादा विचार करावा' टिळकांकडचं, आणि देव न मानणं आगरकरांकडचं, ज्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली लोकांनी. मग तुम्ही सही कुठे केली असती? नीट विचार करून सांगा, घाई नाही.

बाजारपेठ_झिंदाबाद

तुम्ही कॉन्झर्व्हेटिव्ह नाहीच मुळी, तुम्ही लिबरल आहात, जुन्या अर्थाने. अर्थतज्ज्ञ हायेकने १९६० च्या पुस्तकाच्या शेवटी 'मी कॉन्झर्व्हेटिव्ह का नाही' असं वेगळं लिहूनच ठेवलंय. तोही धार्मिक नव्हता. धंद्यात सरकार नको म्हणता ना, मग घरात तरी कशाला हवं?

बेलापूर_गावठाण

वाचतोय सगळं, मजा येतेय. मी आगरी, देव मानत नाही, मत कायम डावीकडे. तुम्ही जुनं जपायचं म्हणता म्हणून सांगतो. आमचं जुनं कोणी मोडलं? १९७० पासून नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने, विकासाच्या नावाने, ९५ गावांची भातशेती आणि मिठागरं घेऊन. तेव्हा 'दहादा विचार करा' म्हणत आमच्यासोबत उभं कोण होतं तर दि. बा. पाटील आणि शेकापचा लाल बावटा. जानेवारी १९८४ ला जासईकडे गोळीबारात आमची पाच माणसं गेली. परंपरावाले तेव्हा कुठे होते ते आमच्या म्हाताऱ्यांना विचारा.

गावदेवीच्या जत्रेची वर्गणी मी दर वर्षी सगळ्यात आधी देतो. माझ्या पोराने विचारलं बाबा तू तर मानत नाहीस मग का? त्याला गच्चीवर नेलं, म्हटलं बघ, चारी बाजूंनी टॉवर आणि मध्ये तेवढा एक पिंपळ आणि देऊळ. ते होतं म्हणून तेवढ्या जागेला कोणी हात लावला नाही. आता मला उजवा म्हणणार का डावा, तुम्हीच ठरवा, मला भरतीच्या आत होडी आणायला जायचंय.

घोडबंदरचा_रहिवासी

चार दिवस उत्तर दिलं नाही, सॉरी. सुमाताई, तुमच्या प्रश्नाने झोप घालवली.

मी आगरकरांच्या बाजूला, असं पहिल्या मिनिटाला टाइप केलं होतं, मग खोडलं. आज म्हणायला काय जातंय. १८९१ मधला मी, म्हणजे नोकरी, बायको, आई, वाड्यातले शेजारी हे सगळं असलेला मी, बहुतेक टिळकांच्या सभेत टाळ्या वाजवत बसलो असतो, आणि देव मानत नाही हे कोणालाही न सांगता. आगरकरांनी मोजली ती किंमत माझ्याच्याने झेपली नसती. अजून एक लक्षात आलं ते जास्त टोचलं. समान नागरी कायदा मागतो तेव्हा मी काय मागतोय? सरकारने घरात शिरून वरून सुधारणा करावी, हेच ना. तिथे मला 'दहादा विचार' आठवत नाही, कारण ते घर दुसऱ्याचं आहे. कायदा मला अजूनही हवाच आहे. पण आता तो मागताना मी आगरकर असतो, टिळक नाही, आणि कट्ट्यावर मी बरोबर उलटं सांगत आलोय. पुण्यभूचं उत्तर माझ्याकडे नाही. बेलापूरवाले दादा, तुमचं पण नाही.

मास्तर, मीमांसकांचं घरी सांगितलं. बायको म्हणाली म्हणजे बसायला हरकत नाही तर! तुम्ही माझं भलं केलंत की वाटोळं, कळत नाही.

असो, पूजा शनिवारी झाली. सी विंगमधलं नवीन लग्न झालेलं जोडपं बसलं, एकदम हौशी, तिने नऊवारी वगैरे. मी मांडव, खुर्च्या, आणि स्पीकर दहाला बंद करायचं काम अंगावर घेतलं, निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आहे हे मोबाइलच्या ॲपवर चार लोकांना दाखवलं, त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती सत्यनारायणाला नाही म्हटलं तेव्हापेक्षा वाईट होती. ९:५५ ला मी वायर काढली. बी विंगवाले काका म्हणाले, 'माणूस नास्तिक असला तरी कडक सोवळ्याचा आहे.' शिऱ्याला रवा, साखर, तूप सगळं सव्वाच्या मापात, केळं घातलेलं, दोनदा घेतला.

आता आईने बाबांच्या वर्षश्राद्धाचं काढलंय. त्याचा वेगळा धागा काढतो, इथे नको.

ऐरोलीकर७७

काढा. मांजर वाट बघतंय.