नेपाळला चर्चच्या मंडळीचा गट न्यायचाय: पत्रकं, कपाळावरचा टिका आणि कागदपत्रं (मदत हवी आहे)

जय ख्रिस्त, नमस्कार.

आम्ही नगरचे (अहिल्यानगर अजून तोंडात बसलेलं नाही). तरुण संघाचे बारा जण आणि महिला मंडळातल्या दोन मावश्या, असे नोव्हेंबरात आठ दिवस नेपाळला निघालोय. गोरखपूरपर्यंत रेल्वे, मग सरहद्दीवरचं सुनौली, पुढे बसने पोखराच्या अलीकडचं एक गाव. तिथल्या लहानशा मंडळीच्या छपराचं काम करायचंय.

गेल्या वर्षी तिघं जण पाहणीला गेलो होतो. रविवारी सकाळी इस्त्रीचे कपडे घालून पोचलो, तर चर्चला कुलूप! तिथे सुटी शनिवारी, म्हणून भक्तीही शनिवारी. मग पुढच्या शनिवारपर्यंत मुक्काम वाढवला. चपला बाहेर, सगळे चटईवर, बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या. ‘जयमसीह’ म्हणून हात जोडायचे. गीतपुस्तक देवनागरीतच, त्यामुळे वाचता सगळं येत होतं, कळत निम्मंही नव्हतं. मग त्यांनी आमचं गाणं मागितलं. आम्ही ना. वा. टिळकांचं भजन धरलं आणि दुसऱ्या कडव्याला एका आजोबांनी मादलावर (त्यांचा ढोलकीसारखा ढोल) असा ठेका दिला, की आमच्या तबलजीनं मान खाली घातली.

छपराचं कारणही तिथेच कळलं. २५ एप्रिल २०१५ चा भूकंप शनिवारीच झाला, बाराला चार मिनिटं कमी असताना. लोक भक्तीला बसले होते. तेव्हापासून त्यांना डोक्यावर स्लॅब नको, हलका पत्राच हवा.

आता अडचण. आमच्यातल्या एका ज्येष्ठांना नेपाळीत सुवार्तेची दोन हजार पत्रकं छापून बसस्टँडवर वाटायची आहेत. मला ते पटत नाही, पण ‘तू घाबरतोस’ म्हणतात. यजमान भिडेखातर काहीच बोलत नाहीत. कुणी गट घेऊन गेलंय का? काय केलंत?

दुसरं, आम्ही तिहारात (त्यांची दिवाळी) तिथे असू. शेजारच्या दिदीनं भाईटिकेला (आपली भाऊबीज, बहीण कपाळाला टिका लावते) आतापासून बोलावलंय. तिथले ख्रिस्ती विश्वासी टिका लावत नाहीत. तिला न दुखावता काय म्हणायचं?

तिसरं, एका मावशींचं वय ६७, पासपोर्ट नाही. आधार चालेल?

प्रतिसाद: पत्रकं घरीच ठेवा. नेपाळच्या राज्यघटनेच्या कलम २६ मध्ये दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. २०१८ पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर काढतात. तुम्ही आठ दिवसांनी नगरला परताल, पोलीस यजमानांच्या दारात येतील. हेच ज्येष्ठांना सांगा, घाबरण्याचा विषयच राहत नाही.

आधार १५ वर्षांखालच्यांना आणि ६५ वरच्यांना चालतं, म्हणजे मावशींचं काम झालं. बाकीच्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. पंधरा ते अठरातलं कुणी असेल तर मुख्याध्यापकांचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्या.

टिकेचं मी असं केलं होतं: दिदीकडे गेलो, फळं-मिठाई नेली, कपाळ सोडून सगळं घेतलं. सेलरोटी तर चार खाल्ल्या. पण आधी तुमच्या यजमानीणबाईंना विचारा. त्या शेजारणीशी वर्षभर त्यांनाच राहायचंय.

धागाकर्ता: आभार. पत्रकांचे पैसे पत्र्याच्या स्क्रूंना वळवता येतील का, ते आज पाळकसाहेबांना विचारतो. सेलरोटी म्हणजे आपल्या अनारशासारखी का?

प्रतिसाद: नाही हो. तांदळाचीच आणि तळलेलीच, पण बांगडीसारखी गोल, मधे पोकळ. गरम असतानाच खा.