शब्दचर्चा: गॅलिलिओला शोध ‘लागला’ की त्याने ‘लावला’?

पानपूरक

एका शाळेच्या विज्ञान-दालनासाठी मराठी फलक लिहून देतोय. त्यातल्या एका फलकावर गॅलिलिओच्या ‘सिदेरेउस नुन्सिउस’ या लॅटिन पुस्तिकेचं मुखपृष्ठ मोठं करून लावणार आहेत (व्हेनिस, मार्च १६१०). खाली मराठी अर्थ मी द्यायचा. मुखपृष्ठावरच्या त्या लांबलचक वाक्यात दोन क्रियापदं आहेत आणि मी दोन्हीपाशी अडलोय.

दुर्बिणीबद्दल तो म्हणतो ‘नूपेर आ से रेपेर्ती’, म्हणजे अलीकडेच त्याने स्वतः... काय केलेली? गुरूच्या चार चंद्रांबद्दल म्हणतो ‘देप्रेहेंदित प्रीमुस’, म्हणजे लेखकाने सगळ्यांच्या आधी... काय केले?

मी दोन्हीकडे ‘शोध लावला’ लिहून मोकळा झालो होतो. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी लाल खूण केली: दुर्बिणीचा शोध गॅलिलिओचा नाही, मुलांना चुकीचं सांगू नका. त्यांचं बरोबर आहे. हॉलंडमधल्या मिडलबर्गचा चष्मेवाला हान्स लिपरहे याने ऑक्टोबर १६०८ मध्येच हेगला पेटंटचा अर्ज केला होता. आणि गॅलिलिओ काही लपवत नाही, आत स्वतःच लिहितो की दहाएक महिन्यांपूर्वी तिकडच्या कोणी अशी नळी केल्याची वार्ता कानावर आली. मग मुखपृष्ठावरच्या ‘रेपेर्ती’चं काय करू? ‘शोधून काढलेल्या’? ‘बनवलेल्या’? शुक्रवारी मजकूर द्यायचा आहे.

भिंगकाच

‘घडवलेल्या’ लिहा. मी सहा इंची दुर्बिणीचा आरसा घरी घासलाय, चार महिने गेले. त्यामुळे मला गॅलिलिओचा ‘स्वतः’ हा शब्द पटतो. तीनपट मोठं दाखवणाऱ्या नळीपासून तो काही महिन्यांत वीसपटीपर्यंत गेला, आणि ती भिंगं कोणी आयती दिली नव्हती.

बाईंना एवढंच सांगा की लिपरहेलाही पेटंट मिळालं नाही. त्याच महिन्यात आल्कमारच्या याकोब मेतिउसचाही तसाच अर्ज आला, आणि ही चीज कोणालाही सहज करता येण्यासारखी आहे असं ठरलं. तेव्हा ‘शोध लावला’ हे लिपरहेबद्दलही जपूनच म्हणावं लागेल.

अमरकोशी

गोंधळाचं मूळ ‘शोध’ या शब्दात आहे. ‘शुध्’ धातू, अर्थ शुद्ध होणे. शोधन म्हणजे गाळणे, निवडणे, मळ काढणे. पारा शोधतात, तूप शोधतात, पोथी शोधतात. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची ‘प्रति शुद्ध केली’, ते खरं संशोधन. (शके १५०६ म्हणजे १५८४. गॅलिलिओ तेव्हा वीस वर्षांचा.) त्या शब्दावर आपण हुडकणं लादलं, मग हुडकून मिळणं लादलं, मग नवीन यंत्र करणंही लादलं. एक शब्द चार ओझी वाहतो आणि आपण म्हणतो अनुवाद जमत नाही.

आपल्याकडे नेमका शब्द आहे: उपज्ञा. अमरकोश म्हणतो ‘उपज्ञा ज्ञानमाद्यं स्यात्’. कोणाच्याही आधी, कोणी न शिकवता झालेलं ज्ञान. पाणिनीने त्यासाठी वेगळं सूत्र केलं (२.४.२१) आणि त्यावरच्या काशिका या टीकेत उदाहरण पाणिनीच्याच व्याकरणाचं आहे, ‘पाणिन्युपज्ञम्’. चंद्र ही गॅलिलिओची उपज्ञा. दुर्बीण नव्हे. प्रश्न मिटला.

वऱ्हाडी_ठेचा

सर, शब्द सुरेख आहे, वहीत लिहून ठेवला. पण सातवीतलं पोरगं फलकासमोर उभं राहून ‘उपज्ञा’ वाचेल आणि पुढच्या फलकाकडे जाईल.

हिंदीवाल्यांनी वाटणी करून टाकली आहे: खोज म्हणजे आधीपासून असलेलं सापडणं, आविष्कार म्हणजे नसलेलं करणं. आपण आविष्कार कलावंतांना दिला. खरं तर ‘आविस्’ म्हणजे उघड, डोळ्यांसमोर. झाकलेलं उघड करणं म्हणजे आविष्कार, म्हणजे यंत्रापेक्षा चंद्रांनाच तो जास्त शोभतो. हिंदीत नेमकं उलटं झालं.

लेखनिक_१२

शब्दाला दोष कशाला? मराठीत ‘शोध’ एकटा येतच नाही, सोबत क्रियापद आणतो आणि अर्थ त्या क्रियापदात असतो. शोध घेणे म्हणजे हुडकणे, अजून काही हाती नाही. शोध लागणे म्हणजे मिळालं, श्रेय कोणाचं ते सांगायचं नाही. शोध लावणे म्हणजे कोणीतरी जिद्दीने शेवटाला नेलं. ठेच लागते, भूक लागते, डोळा लागतो. यातलं काही आपण करत नाही. दिवा, झाड, छडा मात्र लावावा लागतो. खोज-आविष्कार या जोडीत हे कुठे आहे? लॅटिनचं ‘इन्वेनिरे’ तरी काय, सापडणं आणि रचणं दोन्ही त्यातच.

पानपूरक, चंद्रांचा शोध ‘लावला’. दुर्बिणीसाठी ‘शोध’ वापरूच नका.

भिंगकाच

लेखनिक, तुम्ही नकळत गॅलिलिओचीच बाजू मांडलीत! तो हाच वाद वर्षानुवर्षं घालत होता.

१६१९ मध्ये ओरात्सिओ ग्रासी या जेझुइट गणितज्ञाने टोपणनावाने लिहिलं की दुर्बीण गॅलिलिओचं पोटचं अपत्य नाही, फार तर पोसलेलं. गॅलिलिओला ते भयंकर झोंबलं. १६२३ च्या ‘इल साज्जातोरे’ या पुस्तकात त्याचं उत्तर आहे: तो पहिला माणूस साधा चष्मेवाला. वेगवेगळी भिंगं हाताळताना योगायोगाने एक फुगीर आणि एक खोलगट भिंग एकापुढे एक आलं, त्यातून पाहिलं आणि त्याला ती गोष्ट मिळाली. मी नुसती बातमी ऐकली आणि तर्काने तिथे पोचलो. एक भिंग पुरणार नाही, दोन्ही फुगीर चालणार नाहीत, असं एकेक बाद करत.

आता हे मराठीत सांगा. चष्मेवाल्याला शोध लागला, मी लावला. दुसरं काय म्हणतोय तो?

अमरकोशी

असं तो म्हणतो. वस्तू अस्तित्वात आहे हे कळल्यावर तर्क करणं आणि मुळात अशी वस्तू असू शकते हेच ठाऊक नसताना ती हाती येणं, यातलं अवघड काय?

भिंगकाच

त्यालाही तो उत्तर देतो: उत्तर आहे एवढं कळल्याने ते सापडत नाही. मला हे पटतं. गणिताच्या पुस्तकात मागे उत्तर छापलेलं असायचं, तरी रीत यायची का?

पानपूरक

म्हणजे ‘रेपेर्ती’ = ‘तर्काने शोधून काढलेल्या’? लॅटिन कोशात ‘रेपेरिओ’ची फोड ‘रे’ म्हणजे पुन्हा आणि ‘पारिओ’ म्हणजे प्रसवणे अशी दिसली. पुन्हा जन्माला घातलेली दुर्बीण! हे तर चपखल बसतंय, आणि ग्रासीच्या त्या पोटच्या-पोसलेल्याला आधीच उत्तर दिल्यासारखं होतंय.

लेखनिक_१२

मोहात पडू नका. ‘सावधान’ म्हणताना स+अवधान कोणाच्या मनात असतं? व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. १६१० मध्ये ‘रेपेरिओ’ म्हणजे साधं मिळवणे, काढणे.

अमरकोशी

व्युत्पत्ती सोडली तर उरतं काय? वापर? मग उद्या ‘माझी मदत कर’ हेही मराठी म्हणा.

वऱ्हाडी_ठेचा

वापराचा विषय निघालाच आहे तर मला एक सांगायचं आहे, बरीच वर्षं मनात आहे.

मी अकोल्याची. पुण्यात शिकायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात म्हणाले, ‘मॅडम, मला ते पुस्तक लायब्ररीत नाही भेटलं.’ बाई थांबल्या. ‘पुस्तक मिळतं. माणूस भेटतो. पुस्तकाशी हस्तांदोलन करणार का?’ सगळा वर्ग हसला. पुढे दोन वर्षं मी तोंड उघडण्याआधी वाक्य मनात तपासून घ्यायची. घरी फोनवर आई म्हणायची ‘भाजी चांगली भेटली’, आणि मला तिची लाज वाटायची. त्या लाजेची लाज आज वाटते.

आता वर ‘इन्वेनिरे’ आलं म्हणून पाहिलं. ‘इन’ म्हणजे वर किंवा आत, ‘वेनिरे’ म्हणजे येणे. चालता चालता एखाद्या गोष्टीपाशी येऊन ठेपणे. म्हणजेच भेटणे! आमच्याकडे वस्तू भेटते, नोकरी भेटते, वाट भेटते. युरोपातल्या पंडितांनी ज्या शब्दात शोध मांडले तो आमच्या बाजारात रोज बोलला जातो. पानपूरकभाऊ, फलकावर लिहा: गॅलिलिओला गुरूजवळ चार चंद्र भेटले.

अमरकोशी

ताई, झालं ते वाईट झालं. मीही तीस वर्षं शिकवलं आणि अशी वाक्यं मीही दुरुस्त केली असतील. पण ‘भेटणे’ हा हिंदीतल्या ‘मिलना’चा परिणाम आहे, तिथे वस्तू आणि माणूस दोन्हींना एकच क्रियापद. मराठीने केलेला भेद कशाला पुसायचा?

वऱ्हाडी_ठेचा

परिणाम असेलही. माझ्या आजीला हिंदीचं एक वाक्य येत नव्हतं, ती ‘भेटलं’च म्हणायची. तिची मराठी कोणाची मानायची?

रापण

मालवणहून. चंद्रांसाठी ‘इन्वेनिरे’ नाहीच आहे ना, मुखपृष्ठावर ‘देप्रेहेंदित’ आहे. त्याचा अर्थ कोणी सांगितलाच नाही. मी कोश उघडला: पकडणे, धरणे, चोराला ऐन चोरीच्या वेळी गाठणे.

आमच्याकडे त्याला अगदी नेमका शब्द आहे. ‘गावलो.’ मासो गावलो, चोर गावलो, हरवलेली किल्ली गावली. सापडणं आणि पकडणं एकातच.

आणि गॅलिलिओने ते तसेच धरले आहेत. ७ जानेवारीला गुरूजवळ तीन ठिणग्या, दोन पूर्वेला, एक पश्चिमेला. त्याला वाटलं, स्थिर तारे असतील. ८ ला तिन्ही पश्चिमेला. ९ ला ढग. १० ला दोनच, तेही पूर्वेला. तेव्हा त्याला कळलं की हलताहेत ते हेच. १३ ला चौथा. एक रात्र पाहून म्हावरं कळत नाही, पाळत ठेवावी लागते.

लेखनिक_१२

‘हेरले’ चालेल. प्रमाण मराठीत आहे, पाळतही आली, पकडही आली.

भिंगकाच

‘हेरले’ला माझं मत. पण रापण, तुमच्या तारखांनी एक प्रश्न उभा राहिला. शोध कोणत्या रात्री लागला? ७ ला दिसले. ११ च्या नोंदीत तो ठामपणे म्हणतो की हे गुरूभोवती फिरणारे आहेत. विज्ञानाचे इतिहासकार थॉमस कून यांनी १९६२ मध्ये हाच मुद्दा मांडला होता: काहीतरी आहे हे कळणं वेगळं आणि ते काय आहे हे कळणं वेगळं, आणि दोन्ही झाल्याशिवाय शोध पुरा होत नाही. म्हणून त्याची एकच तारीख सांगता येत नाही.

नेपच्यून घ्या. २८ डिसेंबर १६१२ ला गॅलिलिओच्या वहीत गुरूजवळ तो टिपलेला आहे, तारा म्हणून. महिनाभराने पुन्हा, आणि शेजारच्या ताऱ्यापासूनचं अंतर आदल्या रात्रीपेक्षा बदललंसं वाटतं अशी नोंदही आहे! १९८० मध्ये त्या वह्या चाळताना हे लक्षात आलं. ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मी हळहळलो होतो, एवढ्या जवळून गेला तो. ग्रह म्हणून तो सापडला २३ सप्टेंबर १८४६ ला, बर्लिनमध्ये. गणित लेव्हेरिएचं, डोळा गालेचा.

तर गॅलिलिओला नेपच्यून दिसला. गावला नाही.

रापण

दिसलो, पण गावलो नाय. बरोबर.

पानपूरक

चंद्रांसाठी ‘हेरले’ घेतो. ‘प्रीमुस’ म्हणजे ‘सर्वप्रथम’ तरी निर्विवाद ना?

भिंगकाच

नाही. जिमोन मारिउस नावाचा जर्मन खगोलज्ञ होता. त्याने १६१४ मध्ये लिहिलं की माझी पहिली नोंद २९ डिसेंबर १६०९ ची. पण तो जुनी, दहा दिवस मागे चालणारी ज्युलियन पंचांगपद्धत वापरायचा. नव्या पद्धतीने ती तारीख ८ जानेवारी १६१० येते, म्हणजे गॅलिलिओनंतर एक दिवस. तरी आज आपण आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो म्हणतो ती नावं मारिउसच्या पुस्तकातली, केप्लरने सुचवलेली. गॅलिलिओने फ्लॉरेन्सच्या मेदिची राजघराण्यावरून चौघांना मिळून दिलेलं नाव कोणी बोलत नाही.

अमरकोशी

एक राहिलं. मघापासून सगळे ‘दुर्बीण’ लिहिताहेत. दूर-बीन, फारसी, ‘लांबचं पाहणारी’. फलक शाळेत लागणार आहे, निदान तिथे ‘दूरदर्शी’ हवं. राज्यव्यवहारकोश करून घेणाऱ्या राजाचे आपण वारसदार.

लेखनिक_१२

सर, दूरदर्शी माणूस असतो. आणि ‘दुर्बीण’ला आपण मराठी प्रत्यय लावतो, दीर्घाचा ऱ्हस्व करतो: दुर्बीण, दुर्बिणीने, दुर्बिणीतून. जो शब्द आपल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या नियमाने चालतो तो आपला झाला. ‘टेलिस्कोप’ तरी कुठे इटलीचा? एप्रिल १६११ मध्ये रोमला मेजवानीत जाहीर झालेलं ग्रीक नाव आहे ते. तोवर गॅलिलिओही ‘पेर्स्पिकिल्लुम’ म्हणत होता.

अमरकोशी

ग्रीक त्यांच्या घरचं अभिजात. आपल्या घरी संस्कृत. माझा मुद्दा तोच आहे.

वऱ्हाडी_ठेचा

माझ्या घरी आजी.

पानपूरक

‘रेपेर्ती’बद्दल अजून एकमत नाही. सध्या ‘स्वतः सिद्ध केलेल्या’ लिहिलंय. सिद्ध मध्ये तर्कही येतो, तयार करणंही येतं. कसं वाटतं?

लेखनिक_१२

मुलं ‘सिद्ध केलेल्या’चा अर्थ प्रमेयासारखा घेतील. ‘घडवलेल्या’ बरं.

अमरकोशी

‘सिद्ध केलेल्या’ उत्तम. स्वयंपाकही सिद्ध होतो.

रापण

कोल्हापूरकडचे ‘घावलं’ म्हणतात ते आणि आमचं ‘गावलं’ एकच का? आमच्याकडे होडी किनाऱ्याला लागली की पहिला प्रश्न हाच असतो, ‘काय गावला?’ जाळं रिकामं असलं तरी.

वऱ्हाडी_ठेचा

‘गवसणे’ही त्याच घरातलं असेल का? कोणी कोल्हापूरचं आहे का इथे?